पाठीवरचं निळं बटण

माझं डोकं लवकर तापतं हे ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे त्या दिवशी मी कॅमेऱ्याची वायर उपटली याचं कुणाला नवल वाटलं नाही. पण बाकी जे घडलं ते आठवलं की अजून माझे हातपाय गार पडतात.

आमची संस्था निर्वासितांसाठी काम करते. शिबिरं दूर सीमेवर, आणि शहरात आम्ही: प्रसिद्धी, देणग्या, कंपन्यांशी भागीदारी. मी प्रसिद्धीत. फोटो निवडायचा, त्याखाली ओळ लिहायची, बघणाऱ्याच्या पोटात कालवलं पाहिजे आणि हात खिशाकडे गेला पाहिजे. नियम मात्र कडक. लहान मुलाचा चेहरा दाखवायचा नाही, खरं नाव छापायचं नाही, कारण कोण कुठल्या इराद्यानं माग काढत येईल सांगता येत नाही. म्हणून आमची सगळी मुलं पाठमोरी. नवरा मला चिडवतो, "तुमच्या संस्थेत कुणाला तोंड दाखवायला जागा नाही की काय?"

फोटो काढतो माझा धाकटा दीर. त्याला या कामाला मीच लावलं. हात चांगला आहे त्याचा, पण स्वभाव असा की काम उरकलं म्हणजे गंगेत घोडं न्हालं.

या वेळी एक मोठी साबणाची कंपनी आमच्याबरोबर आली होती. त्यांच्या मदतीनं तीन शिबिरांत पाणी येणार होतं, म्हणून सगळ्यांचा जीव त्यात अडकला होता. देणग्या आणि भागीदारी बघणाऱ्या मोठ्या बाई तर महिनाभर धड जेवल्या नव्हत्या. सकाळी अकराला पाहुणे येणार, व्हिडिओ काढणारे हजर, आणि स्वागतकक्षाच्या भिंतीवर छतापर्यंत पोस्टर. मळक्या फ्रॉकमधली मुलगी, पाठमोरी. पाठीवर बटणांची ओळ, सगळी पांढरी आणि शेवटचं निळं. खरं सांगते, त्या निळ्या बटणासाठीच मी तो फोटो निवडला होता. खाली माझीच ओळ: 'तिचं कोणी नाही. तुम्ही आहात.'

माणसं पोस्टरच्या कडा दाबत होती तेवढ्यात दारातून एक बाई आली. तिला आम्ही सगळे ओळखायचो. शिबिरातल्या पळापळीत तिची मुलगी हरवली होती, आणि दर आठवड्याला ती आमच्या शोधविभागात विचारायला यायची. तिथे बसतात शोधकाका. सगळ्या शिबिरांत त्यांनी त्या मुलीचं नाव पाठवून पाहिलं होतं. कुठेच नव्हतं.

बाईनं वर बघितलं आणि तिच्या तोंडातून असा आवाज निघाला की शिडीवरचा माणूस खाली उतरला. ती धावत गेली आणि दोन्ही हातांनी त्या कागदावरचं निळं बटण चाचपू लागली.

"हे मी लावलंय," ती म्हणाली. "पांढरी संपली होती. तिच्या बापाच्या शर्टाचं काढून मी लावलंय! कुठे आहे माझी पोर?"

अहो, मी लिहिलं होतं, तिचं कोणी नाही. आणि आई समोर उभी!

मोठ्या बाई धावत आल्या. त्यांना आधी हुंदकाच फुटला, खोटं कशाला बोलू. पण दुसऱ्या क्षणी त्यांनी डोळे पुसले आणि व्हिडिओवाल्यांकडे पाहिलं. "आई सापडली! पाहुण्यांसमोर, व्हिडिओ कॉलवर मायलेकींची भेट घडवायची. याच्यापुढे आपलं भाषण काय करणार?"

शोधकाका एरवी मुंगीलासुद्धा बाजूला हो म्हणणार नाहीत. पण ते आडवे आले. "आधी मला खात्री करू द्या. असं चारचौघांत नको. नसली तर?"

"बटण ओळखलंय तिनं, काका! अजून काय खात्री?"

आणि मी? मी गप्प बसले नाही, उलट म्हणाले, "काका, तुम्ही फार शंका काढता." जीभ झडली कशी नाही माझी!

अकराला पाहुणे खुर्च्यांवर बसले. पडद्यावर शिबिरातला तंबू दिसला आणि तिथली नर्स, जिला आम्ही सिस्टर म्हणतो. मोठ्या बाई म्हणाल्या, "पोस्टरवरच्या मुलीला आणा." सिस्टरनं हात धरून एका मुलीला आत आणलं. तोच फ्रॉक. मुलगी लाजून पाठ करून उभी राहिली आणि पाठीवर ते निळं बटण. बाई पदर तोंडात कोंबून उभी राहिली.

"बाळ, वळ ना," सिस्टर म्हणाली.

मुलगी वळली.

बाईचा पदर गळून पडला. ती पडद्याकडे बघत राहिली, मग आमच्याकडे, एकेकाच्या तोंडाकडे.

"ही माझी नाही."

कॅमेरा चालूच होता.

"ही माझी नाही," ती पुन्हा म्हणाली. मग तिचा आवाज एकदम खाली गेला. "पण फ्रॉक माझ्या पोरीचा आहे. मग तिच्या अंगावरचा निघाला कसा? मेलेल्यांचे कपडे धुऊन वाटतात. मी बघितलंय. मला सांगा, केव्हा गेली माझी पोर?"

देवा रे! शोधकाकांनी तिला धरलं, पण ती खाली बसेना, रडेना, नुसती विचारत राहिली, केव्हा गेली, केव्हा गेली. पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांनी माना खाली घातल्या. पडद्यावरची पोरगी घाबरून सिस्टरमागे लपली.

मी दिराकडे पाहिलं. तो भिंतीशी उभा होता आणि त्याचा चेहरा पांढराफटक. माझ्या ध्यानात आलं, याला काहीतरी माहीत आहे.

"वहिनी, जरा बाहेर या," तो पुटपुटला.

"बाहेर नाही. इथेच बोला, भावोजी. मोठ्यानं."

"पोस्टरवरच्या पोरीला त्याच दिवशी नवा फ्रॉक मिळाला होता. फुलाफुलांचा, कोरा करकरीत. मदत मागायच्या फोटोत तसा कसा चालेल? तिथे शेजारी एक पोरगी होती, तिचा फ्रॉक मळका होता. मी म्हटलं, दोघी जरा बदला."

"आणि परत नाही बदलले?"

"गाडी सुटत होती, वहिनी."

माझा हात उठला होता, देवाशपथ, पाहुणे होते म्हणून वाचला. "अरे पण मग तिचाच फोटो का नाही काढलात? मळका फ्रॉक होता ना तिचा?"

"काढला होता की! पण ती पाठमोरी उभीच राहीना. सारखी मागे वळायची आणि हसायची. फ्रॉक बदलल्यावरही तिचा एक काढला, तेव्हाही तेच. तुम्हीच म्हणता, चेहरा नको, हसणं तर नकोच."

मीच म्हणते. हो. शंभरदा म्हटलं असेल.

"तो फोटो आहे?"

"टाकाऊमध्ये असेल."

त्यानं कॅमेरा उघडला. तो ओढून घेऊन मीच बटण दाबत पुढे गेले. दहाबारा पाठी, पाण्याची टाकी, आणि मग ती. फुलाफुलांचा नवा फ्रॉक घालून, मान वळवून, सगळं तोंड उघडून हसणारी पोरगी. मी तो कॅमेरा बाईच्या समोर धरला.

तिनं बघितलं. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे.

"दात पडलाय," ती म्हणाली. मग सगळ्या पाहुण्यांना ओरडून सांगितलं, "तिचा पुढचा दात पडलाय हो!" आणि तेव्हा कुठे ती मटकन खाली बसली आणि रडली.

शोधकाकांनी तिच्या जवळ बसून पोरीला घरात काय हाक मारायचे ते विचारलं. तिनं सांगितलं. काकांनी कपाळावर हात मारला. पोरीनं शिबिरात तेच लाडाचं नाव सांगितलं होतं, आणि काका इतके महिने शाळेतलं नाव शोधत होते. ते नाव ऐकताच पडद्यावरची सिस्टर पोरीला आणायला धावत सुटली होती.

मोठ्या बाई व्हिडिओवाल्याच्या कानाशी लागल्या. "पुन्हा फोकस कर. खरी भेट आता आहे." त्यांचेही डोळे वाहत होते, हे सांगायला हवं. रडता रडता त्या काम करत होत्या.

तेव्हा मी गेले आणि वायर उपटली. "बास," म्हटलं. "ही भेट पाठमोरीच राहू दे." साबण कंपनीचे साहेब उठले, आणि त्यांच्यामागून सगळे पाहुणे बाहेर गेले.

पडद्यावर सिस्टर धापा टाकत परत आली. कडेवर पोरगी. तीच. फुलाफुलांचा फ्रॉक एव्हाना मळला होता. तिनं आईला पाहिलं आणि ती हसली नाही. दोन्ही हातांनी फ्रॉक घट्ट धरला, ओठ काढले आणि रडवेल्या आवाजात घाईघाईनं बोलायला लागली.

"आई, रागावू नकोस. बाबांच्या बटणाचा फ्रॉक मी हरवला नाही. त्या फोटोवाल्या काकांनी काढून घेतला."