भारतीचा कोपरा

मी एक फळा बोलतोय. शाळेतला नव्हे बरं का, एसटीच्या थांब्यावरचा! पाथर्डी तालुक्यातल्या एका गावात माझा जन्म झाला. गोरक्षनाथ सुताराने बैलगाडीच्या उरलेल्या फळ्या जोडून मला घडवलं आणि बॅटरीच्या जुन्या सेलमधली काळी पूड पाल्याच्या रसात खलून माझ्या अंगाला फासली. काळं फासलं की तुम्हा माणसांची बेअब्रू होते, आमचं मात्र तेच नटणं. दरवर्षी सव्वीस जानेवारीच्या आधी मी असा नटायचो.

नव्वदच्या दशकात गावाची सगळी खबरबात माझ्याच अंगावर असायची. पाण्याचा टँकर कधी येणार, रॉकेल कधी वाटणार, कोणाचा दहावा कधी. पंचायतीचा शिपाई बन्सी घाईघाईत लिहायचा आणि त्याच्या पाठोपाठ लाल खडू घेऊन रंगनाथ गुरुजी हजर! गुरुजी निवृत्त झाले होते. त्यांची शाळा सुटली, पण खडू काही सुटला नाही. चुकलेली वेलांटी दिसली की त्यांना खडा चावल्यासारखं व्हायचं. मग ते तिच्याभोवती लाल गोल काढायचे.

एकदा छगन जीपवाल्याने लिहिलं, 'नगरसाठी जिप भेटेल.' गुरुजी चिडले. "अरे, माणूस भेटतो, वस्तू मिळते!"

"गुरुजी, जीप माझी लक्ष्मी हाय. ती भेटतीच!" छगन म्हणाला.

"गुरुजींना पाण्यापेक्षा ऱ्हस्व-दीर्घाची तहान जास्त," असं बायका हंडे उचलता उचलता म्हणायच्या. मला मात्र गुरुजी आवडायचे. माझ्याकडे इतक्या जवळून दुसरं कोण बघत होतं?

त्या वर्षी दसरा झाला आणि ऊसतोडीला जाणारे ट्रक थांब्यावर लागले. दरवर्षी भागूबाई लेकीला बरोबर न्यायची आणि पोरीची शाळा बुडायची. यंदा तिने मन घट्ट करून भारतीला आजीजवळ, छबूबाईजवळ ठेवलं. पोर हुंदके देत होती. भागूबाई साक्षरतेच्या वर्गात नुकतीच अक्षरं जोडायला शिकली होती. ट्रक निघता निघता ती खाली उतरली, बन्सीकडून खडू घेतला आणि माझ्या कोपऱ्यात लिहिलं: 'भारती साळा सोडु नको. आजीला तरास दिउ नको. मी पाडव्याला येनार.'

"रोज शाळंत जाताना हे वाचायचं. म्हंजी मी बोलले असं समजायचं," ती लेकीला म्हणाली. ट्रक गेला.

हे गुरुजींना काय ठाऊक? थोड्या वेळाने ते आले आणि सवयीने लाल गोल काढून गेले.

दुसऱ्या दिवशी भारती दप्तर घेऊन आजीबरोबर आली. ते गोल पाहून तिचा चेहरा पडला. वर्गात चुकलेल्या उत्तरावर तसेच गोल असायचे.

"आजे, आई नापास झाली का गं? मग मी तरी कशाला शाळंत जाऊ? मला आईकडं धाड!" ती तिथेच फतकल मारून बसली. छबूबाईने किती विनवलं, पोर काही उठेना.

गुरुजी मागेच उभे होते. त्यांनी उपरण्याचं टोक ओलं केलं आणि लाल गोल पुसायला घेतले. पण गोलांबरोबर अक्षरंही गेली. मग त्यांनी बन्सीकडून पांढरा खडू मागितला. तोच मजकूर पुन्हा लिहिला. 'सोडु' तसंच, 'दिउ' तसंच, 'येनार'सुद्धा भागूबाईचंच.

"तुझी आई पास झाली, बाळ. मीच आधी नीट वाचलं नव्हतं," ते म्हणाले. पोरीने डोळे पुसले आणि दप्तर उचललं.

तेव्हापासून तो कोपरा गुरुजींनी सांभाळला. अक्षरं विटली की गुरुजी ती गिरवायचे, चुकांसकट! चुकीचं लिहिताना त्यांचे ओठ घट्ट मिटलेले मी दर वेळी पाहिलेत. जानेवारीत बन्सी काळी पूड घेऊन आला, तर गुरुजी कोपऱ्यापुढे उभे राहिले. "बाकीचा रंगव. हा पाडव्यानंतर."

गुढीपाडव्याला भागूबाई आली. लेकीला कवेत घेतलं आणि मग तिची नजर माझ्यावर गेली.

"अगं बया! अजून हाय व्हय हे?"

"भागूबाई," गुरुजींनी हळूच खिशातून लाल खडू काढला, "आता दुरुस्त करू का?"

ती हसली. "करा की! आता मी हाय ना हितं."

आज मी शाळेच्या अडगळीत भिंतीला टेकून पडलोय. माझा तो कोपरा अजून जरा फिकट दिसतो, कारण पाडव्यानंतर द्यायचा तो रंगाचा हात राहूनच गेला. आता तुमच्या चुका दुसऱ्या कुठल्या फळ्यांवर झळकत असतील आणि लोक त्यांच्यावर तुटून पडत असतील. चुका काढा, माझी ना नाही. गुरुजींचा मी लाडका फळा! फक्त लाल खडू उचलण्याआधी एकदा नीट वाचा. ते कोणी कोणासाठी लिहिलंय, तेवढं बघा.