पेनड्राइव्हची पोच
संगणक सुरू होत नव्हता, आणि तो कुणी बिघडवला याबद्दल सासूबाईंना तिळमात्र शंका नव्हती. रविवारी जावईबापू जेवायला आले होते. जेवण झाल्यावर ‘जरा अपडेट लावून देतो’ म्हणत ते दहा मिनिटं त्याच्यापुढे बसले, तेव्हाच सासूबाईंच्या मनात पाल चुकचुकली होती.

सासूबाई बत्तीस वर्षं कोर्टात लघुलेखिका होत्या. साक्षीदार कितीही भरभर बोलो, त्याचा शब्द न् शब्द त्यांच्या वहीत उतरायचा. इतकी वर्षं खोट्या साक्षी ऐकल्यावर माणूस ताकही फुंकून पितो. सासूबाई पाणीसुद्धा फुंकून प्यायच्या. निवृत्तीनंतर सहा वर्षं खपून त्यांनी लघुलिपीचं पाठ्यपुस्तक लिहिलं होतं. तीनशे बारा पानं. शुक्रवारी ते छापखान्यात द्यायचं होतं, आज बुधवार होता, आणि दुसरी प्रत कुठेही नव्हती. प्रत काढली की चोराला दार उघडं, असं त्यांचं मत.

आता जावईबापू पुन्हा त्याच खुर्चीत बसले होते आणि शेजारी स्टूल ओढून, वही उघडून सासूबाई. दुरुस्तीचा पेनड्राइव्ह लावल्यावर काळा पडदा आला, त्यावर पांढरी अक्षरं. जावई एक ओळ टाइप करायचे, सासूबाई ती लघुलिपीत उतरवायच्या आणि पुढे वेळ टाकायच्या.

“हे डी का लिहिलंत? माझं पुस्तक सी ड्राइव्हमध्ये आहे.”

“इथून बघताना अक्षरं बदलतात, आई. तुमचा सी इथे डी दिसतो.”

“सोयीचंच आहे,” सासूबाई म्हणाल्या आणि तेही लिहून घेतलं.

पुढच्या ओळीनंतर फाइलींची यादी सरसर वर गेली. त्यात पुस्तकाचं नाव दिसलं आणि सासूबाईंचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात जावयांनी खिशातून एक कोरा पेनड्राइव्ह काढला.

“आधी प्रत, मग दुरुस्ती. दुरुस्ती फसली तर पुस्तक तरी हाती राहील.”

“प्रत नको.”

“मग मी पुढे हात लावत नाही, आई.”

शेवटी शुक्रवार आठवून सासूबाईंनी होकारार्थी मान हलवली. प्रत झाल्याबरोबर त्यांनी तो पेनड्राइव्ह काढायला लावला आणि मुठीत घट्ट धरला.

मग जावयांनी अर्धवट राहिलेलं अपडेट मागे घेणारी ओळ लिहिली. आकडे मुंगीच्या पावलांनी शंभरावर पोचले. मशीन पुन्हा चालू केल्यावर नेहमीचा निळा पडदा उजळला. आता हे उठतील, असं सासूबाईंना वाटलं, पण जावयांनी काळी खिडकी परत उघडली.

“बिघडलं कशानं, ते बघतो.” त्यांनी एक लांबलचक ओळ लिहिली आणि आलेलं उत्तर वाचून दाखवलं. “मंगळवार, अकरा वीस. रविवारी लावलेलं अपडेट तेव्हा बसत होतं, आणि मध्येच वीज तुटली.”

सासूबाईंचा हात थांबला. मंगळवारी अकरा वीसला घरात त्या एकट्याच होत्या. पडद्यावर आलं होतं, ‘काम चालू आहे, संगणक बंद करू नका.’ आपलं पुस्तक कुठेतरी पाठवलं जातंय, म्हणूनच बंद करू देत नाहीत, अशी त्यांची खात्री पटली होती आणि त्यांनी वाकून प्लग ओढला होता. त्यात आपली चूक असेल हे आत्तापर्यंत त्यांच्या मनाला शिवलंही नव्हतं. आता मात्र त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लेक आतून आली. “झालं का सुरू? काय झालं होतं?”

जावयांनी एकदा सासूबाईंकडे पाहिलं. “माझंच चुकलं. रविवारी घाईत अपडेट लावून गेलो.”

“तरी आई म्हणतच होती!”

हवी होती ती कबुली आयती समोर आली होती. सासूबाईंनी ती लिहिली नाही. त्यांनी सावकाश दुसरंच काहीतरी लिहिलं, वही जावयांपुढे सरकवली आणि मुठीतला पेनड्राइव्ह तिच्यावर ठेवला.

“एक प्रत बाहेर असलेली बरी. तुमच्याकडे ठेवा. पण पोच म्हणून इथे सही करा.”

पानभर लघुलिपीच्या रेघा होत्या. त्यातलं जावयांना काही म्हणजे काही कळत नव्हतं. फक्त शेवटची ओळ साध्या, ठळक अक्षरांत होती: ‘मंगळवार, अकरा वीस. प्लग मी ओढला.’

जावयांनी ती दोनदा वाचली आणि खाली सही केली. सासूबाईंनी सही नीट तपासली आणि वही लेकीच्या हातात दिली.

“वाच,” त्या म्हणाल्या. “मोठ्यानं.”