तिसऱ्या मजल्यावरचं थरथरतं देवघर

एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, शांतारामच्या दारात चपलांचा ढीग पडला होता. त्याच्या हॉलमधलं देवघर पंधरा दिवस रोज संध्याकाळी आपोआप थरथरत होतं, पितळी घंटी कुणी न हलवता किणकिणत होती. पाण्याच्या टाकीच्या मीटिंगला आमच्याकडे पाच डोकी जमत नाहीत. इथे साठ माणसं हात जोडून उभी होती!

मी बरोबर वरच्या घरात राहतो. असल्या तमाशांचा मला संताप येतो, पण लिफ्टमध्ये अश्लेषाच्या कपाळावरची पट्टी पाहिली आणि न राहवून आत शिरलो.

अश्लेषा ही शांतारामची सून. तिला अपस्मार आहे. रोजच्या गोळ्यांमुळे दोन वर्षांत एकही झटका आला नव्हता. मग स्पंदनानंद महाराज नावाच्या इसमाने देवघराला कान लावून निदान केलं, "सुनेच्या देहातली आणि या भिंतीतली फ्रिक्वेन्सी एकच आहे. देवी बाहेर येऊ बघते आणि तुम्ही गोळ्यांनी तिचं तोंड दाबता!" गोळ्या बंद झाल्या. चौथ्या दिवशी पोर स्वयंपाकघरात ओट्यापाशी कोसळली, कपाळाला चार टाके पडले. गोळ्या थांबवल्या म्हणून झटका आला, हे शेंबड्या पोरालाही कळेल. पण इथे तोच देवीचा पुरावा ठरला.

"साडेसातचा मुहूर्त," महाराज डोळे मिटून म्हणाले. "आता डिव्हाइन व्हायब्रेशन सुरू होईल. ज्याचं मन स्वच्छ, त्यालाच जाणवेल."

मग जाणवलं नाही असं कोण म्हणणार?

घंटी किणकिणली. "आली, आली!" म्हणत शांतारामच्या बायकोने, वसुंधरावहिनींनी, सुनेला पुढे ढकललं. मी तणतणत देवघराच्या फळीवर हात ठेवला. थरथर वाढत गेली, एकदम थांबली, मग दोन धक्के बसले, धप्, धप्. हे तर माझ्या ओळखीचं होतं!

मी आणि माझी बायको विनी, आम्हाला कॉम्प्युटरवर विमान उडवायचं वेड आहे. हॉलमध्ये आम्ही प्लायवूडची कॉकपिट उभारली आहे, गाडीची जुनी सीट लावून. तिच्याखाली पंधरा दिवसांपूर्वी मी एक कंपक बसवला, म्हणजे आवाजाऐवजी हादरे देणारा स्पीकरच. विमान धावपट्टीवर धावलं की सीट थरथरते, हवेत गेलं की थांबते, चाकं पोटात जाताना दोन धक्के देते. त्याच्याखाली जाड रबर घालायचं मी आज करू, उद्या करू म्हणत ठेवलं होतं. हादरे स्लॅबमधून भिंतीत आणि भिंतीतून या देवघरात उतरत होते.

मी सगळ्यांसमोर विनीला फोन लावला. "विमान परत धावपट्टीवर घे. सांगेन तेव्हा फुल थ्रॉटल दे." मग वळून म्हणालो, "महाराज, आता देवीला बोलवा."

महाराज हुंकारले, घुमले. घंटी ढिम्म.

"विनी, दे!" घंटी किणकिणली. "बंद कर!" शांत. "परत दे!" पुन्हा किणकिण. मागून कुणीतरी फिसकन हसलं.

"यंत्रसुद्धा देवीचंच माध्यम असतं," महाराज पुटपुटले.

"पण यांना वेळ आधी कशी कळली?" शांतारामने विचारलं.

"अरे, तूच सांगितलीस! विनी ऑफिसातून येऊन रोज साडेसातला विमानात बसते. तू म्हणालास साडेसातला हलतं, यांनी त्याला मुहूर्त म्हटलं!"

तोवर महाराज दाराबाहेर चपला शोधत होते. मला त्यांचा राग होताच, पण त्या क्षणी स्वतःचाही आला. आळस माझा, आणि कपाळ या पोरीचं फुटलं!

"आई, माझ्या गोळ्या द्या," अश्लेषा म्हणाली. कुणी हललं नाही. "गोळ्या द्या म्हणते ना!"

वसुंधरावहिनींनी मान खाली घालून देवाच्या तसबिरीमागून पाकीट काढून दिलं. अश्लेषा नवऱ्याकडे वळली. "परेश, डॉक्टरांना फोन लाव. पहिली गोळी कशी घ्यायची विचार. किती दिवस चुकल्या ते खरं सांग, आणि कुणामुळे तेही."

रबर मी लगेच बसवलं. पण त्या साठ जणांना मी आजही सुनावतो. देवापुढे हात जोडा, माझी हरकत नाही. पण डॉक्टरने दिलेली गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करू नका. आणि भिंत थरथरली तर आधी वरच्याची बेल वाजवा. त्या देवघरात आणि माझ्या दारात सोळा पायऱ्यांचं अंतर होतं. पंधरा दिवसांत एकजण त्या चढला असता, तर अश्लेषाला टाके पडले नसते.