बाल्कनीतल्या कडप्प्याचा मला हेवा वाटतो

मी एक जुना ओटा...

नाही. जुना तो, बाल्कनीतला कडप्पा. मित्रांनो, स्वतःची ओळख देतानाही आधी तोच आठवला. यातच सगळं आलं.

मी पुण्यातल्या एका फ्लॅटमधला पांढरा ओटा. ॲक्रिलिकमध्ये खनिजांची पूड मिसळून मला घडवलं. माझे सांधे डोळ्यांना दिसत नाहीत. भाग्यश्रीने आधी दुकानातून माझा तळहाताएवढा तुकडा घरी आणला. त्यावर दिवसभर ओली हळद ठेवली आणि साबणाने पुसून पाहिली. डाग राहिला नाही. ओटा असा निवडावा.

तिच्या सासूबाई, शैलाताई, म्हणाल्या, "पांढरा? घरात दवाखाना काढायचाय का?"

मी आलो, कडप्पा निघाला. म्हणजे, निघायला हवा होता. शैलाताईंनी त्याचा एक तुकडा स्वयंपाकघराला लागून असलेल्या बाल्कनीत, लोखंडी स्टँडवर बसवून घेतला.

पाहुणे माझं कौतुक करत. भाकरी त्याच्यावर. ठेचा त्याच्यावर. गॅसवरचं उकळतं पातेलं थेट त्याच्यावर.

माझ्यावर?

मऊ फडकं.

बुद्धपौर्णिमेला घर माणसांनी भरलं. बाल्कनीच्या दारात मुलं खेळत होती, वाट नव्हती. शैलाताईंनी खिरीचं पातेलं सांडशीने उचललं आणि इतक्या वर्षांच्या सवयीने जवळच्या ओट्यावर टेकवलं.

माझ्यावर!

मला आनंद झाला. खरंच झाला. मग भाजलं.

"अहो आई, खाली जाळी तरी ठेवायची!" भाग्यश्री बोलून गेली.

शैलाताईंनी तो पिवळट गोल डाग पाहिला. "नको बाई मला तुझा ओटा. मी माझ्या बाल्कनीत बरी."

दुसऱ्या दिवशी त्यांची शेगडीही बाल्कनीत गेली. आता त्या माझ्याकडे फिरकतील की नाही, एवढाच माझा प्रश्न होता. आठवडाभर फिरकल्या नाहीत.

भाग्यश्रीने ओटे बसवणाऱ्या संभाजीला बोलावलं. त्याने बारीक पॉलिशपेपरने मला गोल गोल घासलं. "काकू, हात फिरवून बघा."

शैलाताईंनी बोट फिरवलं. "गेला की! आणि मी आठवडाभर तोंड लपवून बसले."

"कडप्प्याचा उडालेला टवकाही भरून घ्यायचा का?" भाग्यश्रीने विचारलं.

"संजयने तिसरीत असताना बत्ता आपटलाय तिथे. तुझ्याच नवऱ्याची खूण ती. राहू दे."

त्याची खूण राहिली. माझी नुकतीच पुसली होती. पुन्हा हेवा.

मित्रांनो, गरम भांड्याखाली जाळी ठेवा. माझ्यावर सुरी चालवू नका, तारेची घासणी लावू नका. पण नुसतं जपूही नका हो.

आज शैलाताईंनी माझ्यावर जाळी मांडली, तिच्यावर आमटीचं पातेलं ठेवलं आणि मला टेकून लसूण सोलत राहिल्या. सालं सगळीकडे पसरली आहेत.

भाग्यश्री फडकं घेऊन येते आहे. तिला सांगा ना कोणीतरी, आज जरा उशिरा पुस.