तोताराम आबांची आठ फुटी छत्री

"भाकरी थापू का यास्न्या मुंग्या दखू?" असं पुटपुटत बेबाबाई पिठाच्या हातांनीच टीव्हीपुढे येऊन उभी राहिली.

"गयात का मुंग्या?" गच्चीवरून तिच्या नवऱ्याने, तोताराम आबांनी विचारलं. चित्रात वळवळणाऱ्या ठिपक्यांना ते मुंग्या म्हणत.

पडद्यावर कुठल्याशा मुलखातली पोरगी बर्फावर गिरक्या घेत होती. चित्र इतकं लख्ख, की तिच्या कानातला खडासुद्धा दिसत होता.

"थोड्या शेतस आजून," बेबाबाई म्हणाली.

गच्चीवरची छत्री, म्हणजे डिश अँटेना, आबांनी स्वतः बांधलेली, त्र्याण्णव साली. धरणगावच्या कापसाच्या जिनिंगमधला सातवी पास फिटर. लोखंडी पट्ट्या, खुराड्याची जाळी, कंपासपेटीतला कोनमापक आणि गवंड्याचा ओळंबा, एवढ्यावर त्यांनी आभाळातले उपग्रह धरले. केबलवाल्याकडे नसलेली चॅनलं आबांकडे फुकट दिसत. उंटांच्या शर्यती काय, हातानेच शेवया ओढणारा चिनी आचारी काय! त्याला पाहून गल्लीतल्या बायकांनी आठवडाभर स्वतःच्या शेवयांना नावं ठेवली.

यंदाच्या दिवाळीत मात्र स्वच्छ चित्रापुढे बसून आबा म्हणाले, "आज लई मुंग्या शेतस."

शेजारचा लीलाधर हसणार होता. त्याने आबांच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाला, "हां आबा, हवाच खराब शे."

त्या दिवसापासून सगळ्या गल्लीला मुंग्या दिसू लागल्या. ज्याने एवढं जग दाखवलं, त्याला हे सांगायचं कोणी? मुंग्या काही जाईनात, आणि आबा रोज शिडी चढू लागले. गच्चीला कठडा नव्हता.

"अक्का, बाहेर या," आज टीव्हीपुढे उभ्या बेबाबाईला लीलाधरची बायको मंजुळाबाई दारातून हळूच म्हणाली.

बेबाबाई अंगणात आली. आबा छत्रीचा पाइप ओढत मागे मागे सरकत होते. एक टाच गच्चीबाहेर गेलेली.

ओरडलं तर दचकतील.

"आयकतस का," ती रोजच्याच आवाजात म्हणाली, "एक पाय पुढे या. आजून एक. आते तठेच बठा."

आबा बसले. जन्मात कधी शिडीला पाय न लावलेली बेबाबाई लुगडं खोचून वर चढली आणि त्यांच्या शेजारी बसली. तिला धाप लागली होती.

"गयात का?" आबांनी विचारलं.

"मुंग्या नव्हत्याच," ती म्हणाली. "दिवाळीपासून चित्र साफ शे. आम्ही बठ्ठा, आख्खी गल्ली, खोटं बोलनूत. तुम्हले दिसत नही."