तीन वेढे

गळाची काठी कमानीसारखी वाकली आणि कयाकचं, त्या दोघांपुरत्या अरुंद होडीचं, तोंड आपोआप डावीकडे वळलं. मागच्या सीटवर बसलेल्या लेकीने वल्हं होतं तिथेच धरून ठेवलं.

“पाय!” पुढून बाबा ओरडले. “दोन्ही बाजूंनी पाण्यात सोड. आणि काहीही झालं तरी डोकं कडेबाहेर काढायचं नाही.”

“माहीत आहे, बाबा.”

“माहीत असणाऱ्यांचीच बोट आधी पालथी होते.”

तिने पाय सोडले. मासा त्यांना खाडीच्या मुखाकडे ओढत होता. सावकाश, दाव्याला धरून बकरी न्यावी तसा. काठावर उभे असलेले तिचा नवरा आणि मुलगी पिटकी आता बोटाएवढे दिसत होते. पिटकी सात वर्षांची. आजोबांनी तिला शब्द दिला होता, उद्या मासे धरायला तू आणि मी, आणि तेव्हापासून हिच्या जिवाला थारा नव्हता. “आज मी येते तुमच्याबरोबर, बघते तरी काय असतं ते,” म्हणून ती आली होती ती खरं तर तपासणीला. बाबांना ते कळलं नसेल असं थोडंच होतं? सकाळपासून ते परीक्षेला बसलेल्या मुलासारखे शहाण्यासारखे वागत होते. अजून एकही चूक सापडली नव्हती, आणि त्यामुळेच तिला चैन पडत नव्हतं.

“दमू दे त्याला,” बाबा म्हणाले. “मोठ्या माशाशी भांडायचं नसतं. तुझ्या आईशी मी कधी भांडलो का? दमायची वाट बघायचो.”

“दमायची का ती?”

“छे. मीच दमायचो.”

तिला हसू आलं, पण नजर त्यांच्या डाव्या हातावरून हटेना. काठी सगळी उजव्या हातात होती. डावा नुसता टेकवलेला होता.

बऱ्याच वेळाने मासा वर आला. तपकिरी पाठ कयाकला घासून गेली. पिटकीएवढा तरी असेल, तिच्या मनात आलं, आणि असं मनात आल्याचाच तिला राग आला. बाबांनी काठी खोबणीत खोचली आणि उजवा हात मासा उचलायला मोकळा ठेवून डाव्या हाताने तंगूस, गळाची ती नायलॉनची दोरी, धरून माशाला जवळ घ्यायला सुरुवात केली. इथे खरी गंमत असते, ते नेहमी म्हणायचे. ती नऊ वर्षांची असताना त्यांनी तिच्याकडून पाढ्यासारखं घोकून घेतलं होतं: तंगूस तळहातावरून सरकू द्यायचा, हाताला कधीही गुंडाळायचा नाही. मासा गेला तर जाऊ दे, हात जायला नको.

माशाने एकदम बुडी मारली.

बाबांचा हात कोपरापर्यंत पाण्यात गेला आणि कयाक डावीकडे कलली. कडेवरून पाणी आत आलं.

“बाबा, सोडा!”

“थांब. येतोय तो.”

“सोडा म्हणते ना!”

त्यांनी सोडलं नाही. हात क्षणभर वर आला तेव्हा तिला दिसलं. तळहाताला तीन वेढे होते. एकाशेजारी एक, नीट बसवलेले. घाईत पडलेले नव्हते. बोटं मिटत नसणाऱ्या माणसाने आधीच विचार करून घेतलेले.

तिने लाइफ जॅकेटला छातीशी अडकवलेला चाकू काढला. बसल्या बसल्या पुढे सरकत ती त्यांच्या पाठीला भिडली, गाल त्यांच्या पाठीवर दाबला, म्हणजे डोकं मधोमध राहील. मग आंधळ्यासारखी त्यांचा खांदा, कोपर, मनगट चाचपत तिचा हात पाण्यात उतरला. मुठीपलीकडे ताणलेला तंगूस लागला. पातं बाहेरच्या बाजूला वळवून तिने ओढलं. तंगूस तटकन तुटला.

कयाक उजवीकडे झुकली, डावीकडे झुकली आणि थांबली.

पाणी टपटपत राहिलं.

“मोठा होता,” शेवटी ती म्हणाली.

“होता.” त्यांनी जांभळा वळ उठलेला हात मांडीखाली घेतला.

“कधीपासून?”

“मागच्या थंडीपासून.” मग पाण्याकडे बघत, “बरण्यांची झाकणं शेजारचा उघडून देतो.”

ती एकटीच वल्हवत राहिली. काठ जवळ येत होता तसतशी ती मनात वाक्य जुळवत होती. ठामपणा हवा, पण टोचायला नको. एकही वाक्य जमेना.

पिटकी गुडघाभर पाण्यात धावत आली. “कुठाय मासा?”

“गेला,” आजोबा म्हणाले.

“मग उद्या मी धरीन! नेणार ना, आजोबा?”

तिने श्वास घेतला.

“उद्या तू पुढे आणि आई मागे,” बाबा म्हणाले. “मी इथे काठावरून ओरडणार.”

“आईला कुठे येतं?”

“हिने माझा मासा घालवलाय. भरपाई हिलाच करू दे.”

नवरा हसला आणि कयाक वर ओढायला लागला. पिटकी त्याच्यामागे पळाली. बाबा मात्र लेकीसमोर येऊन थांबले. दोन्ही हात खाली सोडून, हनुवटी वर करून.

“हे जॅकेटचं बक्कल तेवढं काढ गं,” ते म्हणाले.

तिने ते काढायला जरा जास्तच वेळ लावला.