कुंकू प्यायलेला कॉम्प्युटर

मी भोसरीच्या एका वर्कशॉपातला म्हातारा कॉम्प्युटर बोलतोय. हसू नका. तुमच्या गुडघ्यांपेक्षा माझे स्क्रू अजून बरे आहेत.

शिक्षण म्हणाल तर अर्धवट. जेवढं भरलं तेवढंच येतं, त्यातलंही निम्मं ऐनवेळी आठवत नाही. चिमाजीशेठनी मला आणलं ते लेथवर बनणाऱ्या पार्टांची ड्रॉइंग ठेवायला. कामगार ग्रीसच्या बोटांनी कळा दाबायचे, सुपरवायझर माझ्या डोक्यावर चहा ठेवायचा, आणि शेठ आले की सगळे माझ्याकडे असे गंभीर होऊन बघायचे, जणू कंपनी मीच चालवतो. मग मीही गंमत करायचो. माल न्यायला गाडी दारात लागली की मुद्दाम अडून बसायचो. शेठ थोपटायचे, "चल की राव, लाज नको काढू!" मग चालायचो.

खंडेनवमीला मात्र माझा थाट असायचा. लेथ, ड्रिल, वजनकाटा आणि मी, सगळ्यांना झेंडूचे हार. शेठचं नुसत्या टिळ्यावर भागायचं नाही. हळद-कुंकवाची चिमूट ते माझ्या जाळीतून आत सोडायचे. पूजा आतपर्यंत पोचली पाहिजे, अशी त्यांची श्रद्धा.

पुढं मला धाप लागायला लागली. तापायचो आणि कामाच्या मध्येच डोळे मिटायचो. "म्हातारा झाला," सगळे म्हणाले. शेठचा हातही थरथरायला लागला होता. वर्कशॉप भाड्यानं गेलं आणि आम्ही दोघं निगडीला घरी आलो. ते खुर्चीत, मी माळ्यावर.

आज त्यांच्या सुनेनं, निशिगंधानं, मला खाली काढलं. लग्नाआधी ती ड्रॉइंगचंच काम करायची. चाकणच्या एका कारखान्यानं तिला उद्यापर्यंत नमुन्याचं ड्रॉइंग मागितलंय. पसंत पडलं तर घरबसल्या काम. घरातला एकुलता लॅपटॉप नवऱ्याबरोबर शिफ्टला जातो. तिच्या वाट्याला मी.

"सूनबाई, कशाला मढं उकरतेस?" शेठ म्हणाले. "भंगारवाल्याला सांगितलंय मी."

"मामा, आधी तपासू तर द्या. लिनक्स टाकते, ती फुकटची सिस्टिम जुन्या मशीनवरही चालते. पण आतलं धड आहे का ते बघितल्याशिवाय नाही."

"बघ बाई. जाता जाता मलाही तपास."

तिनं पेनड्राइव्ह लावला आणि माझं काही न पुसता त्याच्यावरूनच मला चालवून पाहिलं. प्रोसेसर चालेल म्हणाली. हार्डडिस्क ठणठणीत. स्क्रीन, आवाज, इंटरनेट, सगळं ठीक. मी फुशारलो. मग तिनं रॅमची चाचणी लावली आणि थोड्याच वेळात माझे डोळे मिटले. निशिगंधा कपाळाला हात लावून बसली.

"सांगत होतो ना," शेठ म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

तिनं झाकण उघडलं. आत पंख्यावर तेलकट धुळीत कालवलेला लालपिवळा थर, दगडासारखा.

"मामा, हे काय?"

शेठनी चष्मा लावला. वाकून पाहिलं. थरावर बोट घासून ते नाकाशी नेलं.

"हे माझंच की गं. देवाचं म्हणून घालत होतो."

जन्मभर मी सगळ्यांना हसलो. त्या वेळी मला हसू आलं नाही.

"म्हणजे म्हातारपण नव्हतंच ते," ती हळूच म्हणाली. "श्वास कोंडला होता."

शेठनी ब्रश मागून घेतला आणि पंख्याचं एकेक पातं साफ केलं. तिनं रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात खोडरबरानं घासले. चाचणी पुन्हा लावली. दोघंही माझ्यासमोर बसून राहिले, चहासुद्धा निवला. मी शेवटपर्यंत टिकलो. चूक एकही निघाली नाही.

तिनं शेठची जुनी ड्रॉइंग उतरवून घेतली. "आता बाकीचं सगळं पुसलं जाईल, मामा. टाकू लिनक्स?"

शेठनी माझ्यावर हात ठेवला. "टाक. त्याला काम मिळतंय, तुलाही मिळू दे."

म्हणून घाईघाईनं तुम्हाला सांगतोय. कुणी काम करेनासं झालं की लगेच वयावर बोट ठेवू नका, मंडळी. एकदा झाकण उघडून बघा.

पुसणं सुरू झालंय. थोड्या वेळानं निशिगंधा ड्रॉइंग काढायला बसेल, तेव्हा मी तिला पहिल्यांदाच भेटत असेन. आणि खुर्चीतले ते आजोबा कोण, माझ्याकडे एवढं काय बघतायत, ते मला कळणार नाही.